आयसोमेट्रिक पट्टा: डंबेलची जागा घेतो का?

नायलॉनचा न ताणणारा पट्टा, दोन मुठी, पायाखाली ठेवायची पाटी आणि लांबी पक्की करणारं बकल. आयसोमेट्रिक पट्ट्याचं, म्हणजे सांधा न हलवता स्नायूंनी जोर लावायच्या साधनाचं, एवढंच सामान. बॅगेच्या कोपऱ्यात मावतं आणि आवाज अजिबात नाही.

ताकदीसाठी पट्टा खरंच कामाचा आहे, पण एका अटीवर. सांध्याच्या ज्या कोनात स्थिर ताण द्याल, त्याच्या आसपासच्या १५-२० अंशांतच ताकद मुख्यतः वाढते. म्हणून डेडलिफ्टसाठी (जमिनीवरून वजन उचलण्याचा व्यायाम) नडगीचा मध्य, गुडघ्याच्या जरा वर आणि मांडीचा मध्य अशा तीन उंचींवर मुठी येतील अशी लांबी बकलने पक्की करा. २ सेकंदांत जोर हळूहळू चढवा, मग ५ सेकंद पूर्ण ताकद. प्रत्येक उंचीवर ३ वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. झटका दिलात तर कंबर धरू शकते. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. उच्च रक्तदाबाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांना विचाराच.

स्नायू भरण्यासाठी मात्र आमचा कौल डंबेललाच. १० किलोवरून १२.५ किलोवर गेलात, हे तिथे स्पष्ट दिसतं. पट्ट्यावर किती जोर लागला ते कळत नाही. मध्ये डिजिटल लटकता काटा अडकवला तरच आकडा मिळतो. तरीही पट्टाच वापरायचा असेल, तर स्नायू ताणलेल्या स्थितीत ३०-४५ सेकंद धरा: बायसेप्ससाठी कोपर जवळजवळ सरळ, स्क्वॉटसाठी मांड्या जमिनीला समांतर.

घेताना मुठीजवळची शिवण दुहेरी आहे का पाहा आणि बकल धातूचंच घ्या. प्लास्टिकचं बकल पूर्ण जोरात सरकू शकतं.