'सेटअप करून देतो' म्हणत नव्या लॅपटॉपमधले पार्ट बदलले

नवा लॅपटॉप घेताना विक्रेता "सेटअप आम्हीच करून देतो" म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणा. खोकं सीलबंद ताब्यात घ्या आणि मशीन पहिल्यांदा स्वतःच्या हाताने सुरू करा. आमच्याकडे झालेली फसवणूक इतकी सफाईदार होती की वरवर पाहणाऱ्याला काही कळलंच नसतं, म्हणून सगळं तपशीलवार लिहितेय.

लॅपटॉप भाचीसाठी घेतला. ती व्हिडिओ एडिटिंग करते, त्यामुळे 16 जीबी रॅम आणि 1 टीबी एसएसडी, म्हणजे डेटा साठवणारी डिस्क, हवीच होती. विक्रेता म्हणाला, "ताई, घरी नेऊन कशाला डोकं खाजवत बसता? विंडोज, अपडेट, ड्रायव्हर सगळं घालून, बेस्ट परफॉर्मन्सला ट्यून करून देतो. टेस्टचा रिपोर्टही जोडतो." त्याचे वेगळे पैसे घेतले आणि मशीन ठेवून घेतलं. परत मिळालं तेव्हा बटण दाबताच डेस्कटॉप हजर. बिलासोबत सिनेबेंचचा स्कोअर छापून जोडला होता, आणि तो त्या प्रोसेसरला साजेसा होता.

तो स्कोअर खोटा नव्हता, हे मुद्दाम सांगते. सिनेबेंचची ती चाचणी प्रोसेसरचा जोर मोजते. डिस्क कोणती, रॅम कशी बसवलीय, याच्याशी तिचा जवळपास संबंध नाही. प्रोसेसर बोर्डावरच पक्का बसवलेला असतो, तो बदलणं या लोकांच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून चाचणीही त्याचीच दाखवली. जे स्क्रू काढून दहा मिनिटांत बदलता येतं, त्याची चाचणी रिपोर्टात नव्हती.

भाचीने फूटेजचं दोनेकशे जीबीचं फोल्डर कॉपी करायला घेतलं. सुरुवातीला कॉपी झरझर चालली, मग वेग एकदम कोसळला आणि सेकंदाला शंभर एमबीच्याही खाली जाऊन तिथेच अडकला. "मावशी, नव्या मशीनवर असं होतं का गं?" नव्या मशीनवरही होऊ शकतं. स्वस्त, क्यूएलसी प्रकारच्या एसएसडीत थोडा भाग वेगवान कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण, म्हणून वापरतात. तो भरला की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. पण कंपनीच्या संकेतस्थळावर या मॉडेलला त्यापेक्षा बऱ्याच वरच्या दर्जाची एसएसडी लिहिलेली होती. तिथे मला शंका आली.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात 'पॉवर ऑन अवर्स' म्हणून एक ओळ असते, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालू राहिलीय. नव्या लॅपटॉपला तिथे फार तर काही तास दिसावेत. आमच्याकडे आकडा होता 7,412. त्याच्याच जवळ 'टोटल होस्ट राइट्स', म्हणजे आजवर लिहिलेला डेटा: 38 टीबीच्या वर. विंडोज आणि दोन-चार प्रोग्राम टाकून फार तर शंभर-दोनशे जीबी भरतात. ही डिस्क कुणाच्या तरी मशीनमध्ये चांगली राबलेली होती.

मग बॅटरी पाहिली. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्जला मिळणारी क्षमता जवळजवळ सारखीच होती, आणि चार्जिंगची सायकल जेमतेम 3. म्हणजे बॅटरी नवी, मशीन नवं, आणि डिस्क जुनी! जुना लॅपटॉप नवा म्हणून गळ्यात मारला असता तर बॅटरीनेही चुगली केली असती. इथे नव्या लॅपटॉपचं पोट उघडून आतला माल बदलला होता.

रॅमही तशीच निघाली. टास्क मॅनेजरमध्ये एकूण आकडा 16 जीबी, अगदी बिलाप्रमाणे. पण खाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर 2 पैकी 1, आणि वेग 2666. कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकला तर मूळ रचना दिसली: 8 जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर4, वेग 3200. दोन पट्ट्या असल्या की मेमरी दोन वाटांनी एकदम चालते आणि सेकंदाला 51.2 जीबीपर्यंत डेटा वाहू शकतो. 3200 चीच पण एकच पट्टी असेल तर ते निम्म्यावर, 25.6 वर येतं. आमची तर त्याहून मंद होती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सही याच रॅमवर चालतं, त्यामुळे एडिटिंग करणाऱ्याला हा फटका थेट बसतो. जीबीचा आकडा तेवढाच ठेवल्यामुळे बिल पडताळणाऱ्याला काहीच वावगं दिसत नाही.

विक्रेत्याची पहिली प्रतिक्रिया: "कंपनीकडूनच असं येतं." सिरियल नंबरची नोंद दाखवल्यावर: "ते सॉफ्टवेअर तास चुकीचे दाखवतं." हे उत्तर तुम्हालाही मिळेल, म्हणून लक्षात ठेवा: हे तास डिस्क स्वतः नोंदवते, सॉफ्टवेअर फक्त वाचून दाखवतं. शिवाय एनव्हीएमई, म्हणजे आजच्या लॅपटॉपमधली वेगवान एसएसडी, कमी विजेच्या स्थितीत असताना तो वेळ मोजला जाईलच असं नाही, त्यामुळे तफावत पडलीच तर आकडा कमी दिसतो, फुगत नाही. तोंडी वाद थांबवून स्क्रीनशॉट, बिल आणि कंपनीची मूळ रचना जोडून लेखी तक्रार पाठवली, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडूनही भाग तपासून लेखी घेतलं. त्यानंतर मात्र लगेच दुसरा, सीलबंद लॅपटॉप मिळाला. सेटअपचे पैसे परत द्यायला मात्र तो तयार नाही.

आणि त्या पैशांत काय केलं होतं? सेटिंग्जमधला पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर नेला होता, जे कुणीही अर्ध्या मिनिटात करतं. एक 'बूस्टर' टाकला होता, ज्याची विंडोजला काडीची गरज नाही. तुम्हाला कुणी डिस्कची स्पीड टेस्ट करून दाखवली तरी ती किती डेटावर केली ते विचारा. क्रिस्टलडिस्कमार्क सहसा 1 जीबीवर चालतो, तेवढं कॅशेत आरामात मावतं आणि कसलीही डिस्क झकास दिसते. बऱ्यापैकी भरलेल्या डिस्कवर मोठं फोल्डर कॉपी केल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही.

मला सर्वांत जास्त राग आला तो विंडोजचा. मूळ डिस्कच काढल्यामुळे तिच्यासोबत आलेलं विंडोज गेलं होतं, आणि यांनी आपलं तयार विंडोज ओतलं होतं. एसएलएमजीआर, जागा सोडून स्लॅश एक्सपीआर ही कमांड दिली तर 'कायमस्वरूपी' असं उत्तर यायला हवं. आमच्याकडे मुदत संपण्याची तारीख आली. हे लक्षण केएमएस पद्धतीचं, म्हणजे संस्थेच्या सर्व्हरवरून परवाना तपासण्याचं. त्या पद्धतीच्या अ‍ॅक्टिव्हेशनची मुदत 180 दिवसांची असते, आणि ते संस्थांसाठी असतं, घरगुती ग्राहकासाठी नाही. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर, त्याच्या 'एक्सक्लूजन्स'मध्ये पाहिलं तर एक फोल्डर तपासणीतून वगळून ठेवलेलं होतं, आणि त्यात विंडोज बेकायदा चालू करून देणारा अ‍ॅक्टिव्हेटर. ज्या फोल्डरवर अँटिव्हायरस नजर टाकणार नाही, त्यात आणखी काय येऊन बसेल याची खात्री कोण देणार? आणि त्याच मशीनवर पोरीने आपला मेल उघडला होता, बँकेचं खातं उघडलं होतं.

लॅपटॉप परत देण्याआधी आम्ही तिचे सगळे पासवर्ड फोनवरून बदलले, प्रत्येक खात्यातून बाकीची उपकरणं लॉगआउट केली आणि डिस्क पूर्ण पुसली. तुमचा लॅपटॉप कुणी सेटअप करून दिला असेल, तर त्यात एकही पासवर्ड टाकण्याआधी आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी डिस्कचे तास, रॅमचे स्लॉट, बॅटरीचा अहवाल आणि विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन एवढं बघून घ्या. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.