धुराड्याची सफाई: काम चोख, बोलणं कमी

थंडी पडायच्या आधी फायरप्लेसचं धुराडं साफ करणाऱ्यांना बोलावलं. आल्या आल्या चादरी अंथरल्या, फायरप्लेसचं तोंड प्लास्टिकने बंद केलं आणि व्हॅक्यूम सुरू करूनच ब्रशला हात घातला. गालिच्यावर काजळीचा कण नाही! इथेच मी खूश.

आत कॅमेरा सोडला तर वरच्या भागात क्रिओसोट, डांबरासारखं काळं, चकचकीत. ओलं लाकूड मंद आचेवर जाळलं की धूर वर जाताजाता थंड होतो आणि हे थर धरतं. पेटलं तर धुराड्यातच आग. थर 3 मिलिमीटरच्या आसपास गेला की सफाई टाळू नये. पण असा चकचकीत थर नुसत्या ब्रशने निघत नाही, वेगळी अवजारं लागतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? त्यापायी त्यांना पुन्हा यावं लागलं.

वरच्या टोपीची फाटकी जाळी बदलली, डॅम्पर (धुराड्यातली झडप) उघडबंद करून दाखवला. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या आत हवा, तो मोजून दिला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासायची आठवण मात्र मलाच करावी लागली. एक स्टार कापलाय तो त्यासाठीच.