कँडलवाला स्टीलचा फिल्टर: एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यावर

घेऊ का, टिकतो का असं बऱ्याच जणी विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय. आमचं गाव अकोले तालुक्यात डोंगराकडेला, पाणी विहिरीचं, लाईटचा भरवसा नाही. आरओ तर सोडाच, तो जेवढं गाळतो त्यापेक्षा जास्त मोरीत सोडतो, आणि उन्हाळ्यात आम्ही एकेक हंडा डोक्यावरून आणतो. म्हणून बचत गटातून हप्त्यावर साधा दोन भांड्यांचा घेतला, वरच्यात दोन पांढऱ्या कँडल, म्हणजे पाणी गाळणाऱ्या चिनीमातीच्या नळकांड्या, खाली तोटी.

उन्हाळ्यात काही त्रास नाही. रात्री वरचं भांडं भरून झोपायचं, सकाळी खालचं तयार. पाहुणे आले की दुपारीच संपतं, तेवढं धरून चाला.

खरी परीक्षा पावसाळ्यात. विहिरीचं पाणी चहासारखं होतं आणि कँडलवर तांबडा थर बसून थेंब थेंब यायला लागतं, इथंच निम्म्या बाया फिल्टर माळ्यावर टाकतात. आम्ही हंड्यात तुरटी फिरवून गाळ खाली बसू देतो, वरचं पाणी फडक्यातून गाळून मग ओततो. कँडल साध्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवायची, साबण नाही, निरमा नाही, आणि तारेची घासणी तर अजिबात नाही. घासून घासून ती बारीक होत जाते, चीर दिसली की बदलायचीच. अजून एक, वरचं भांडं उचलून खालून बघत जा, पाणी कँडलच्या नळीच्या टोकातून पडलं पाहिजे, नटाच्या कडेनं झिरपत असेल तर वॉशर गेलाय आणि न गाळलेलंच पाणी खाली जातंय, दिसायला मात्र स्वच्छ!

सासूबाईंचं म्हणणं, माठाचं गार पाणी ते गारच, स्टीलचं कोमट कोण पिणार. त्यांचं चुकत नाही हो. मग गाळलेलं पाणी माठात ओतायला लागलो, पण तोटीचा माठ आणला, कारण फुलपात्र बोटासकट बुडवलं की गाळण्याचा काय उपयोग.

हा फिल्टर सगळं करत नाही हेही सांगते. क्षार, फ्लोराईड जात नाही, यवतमाळ-चंद्रपूरकडे जिथं फ्लोराईड आहे तिथं याच्या भरवशावर राहू नका. काविळीचे विषाणू कँडलच्या छिद्रांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे साथीत उकळायचंच. आणि विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडली की वास येतो म्हणून ओरडू नका, वास आला म्हणजे औषध पडलंय. गावच्या पाण्याच्या तपासणीत ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड, म्हणजे पाणीपुरवठा ठीक असल्याचं, मिळालं तरी घरातला हंडा कसा आहे ते कार्ड सांगत नाही.

मागं एका संस्थेनं वस्तीत फुकट प्लॅस्टिकचे फिल्टर वाटले होते. फोटो झाले, गाडी गेली. त्यातलं किट, म्हणजे गाळणारा बदलायचा भाग, ठरावीक लिटर झाले की पाणीच बंद करतं, ते सुरक्षेसाठी बरोबरच आहे, पण नवीन किट तालुक्याला पण मिळेना. आता कुणाच्यात हरभऱ्याची डाळ आहे, कुणाच्यात तांदूळ. लोक म्हणतात गावच्यांना किंमत नसते, मला नाही पटत, किट नसेल तर बाई तरी काय करणार? आमच्या कँडल भांड्याच्या दुकानात मिळतात आणि गटाच्या ताई दोन-चार कपाटात ठेवतात, पैसे पुढच्या हप्त्यात. मीटिंगला कर्जाच्या हिशोबानंतर विचारतातच, कँडल धुतली का? सगळ्यांसमोर नाही म्हणायला लाज वाटते ना, त्यामुळे धुतली जाते 😄

राहिला प्रश्न शेताचा. पोरं घरी गाळलेलं पितात आणि रानात ओढ्याला तोंड लावतात. बाटली भरून देते, कधी नेतात कधी दारात विसरतात, यावर अजून काही इलाज सापडला नाही.

घेणार असाल तर जास्तीची एक कँडल आणि वॉशर त्याच दिवशी घ्या, भर पावसात राजूरला जायला एसटी मिळेलच असं नाही.