रॅम बदलायची गरजच नव्हती

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कॉम्प्युटरची इतकी दुकानं आहेत की नवखा माणूस गोंधळतो. म्हणून निकाल आधीच सांगते. सुटे भाग जोडून नवा डेस्कटॉप तयार करून घेतलाय आणि तो सुरूच होत नाही, अशी वेळ आली तर या दुकानात या. सामान विकणारे पुष्कळ आहेत. बिघाड कुठे आहे हे शोधून तुमच्या डोळ्यांदेखत सिद्ध करणारे मला तरी इथेच भेटले.

मी घरांच्या अंतर्गत सजावटीचं काम करते, ऑफिस लोकमान्य नगरात घरीच. थ्री-डी रेंडरसाठी नवं मशीन घेतलं: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसतं बोर्ड म्हणते), १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड. जुळणी दुसऱ्या एका ठिकाणी झाली, तिथे ते चाललंही. घरी आणून लावलं तर पंखे फिरतात, कॅबिनेटचे रंगीत दिवे लागतात, पण स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला ‘डीरॅम’, म्हणजे रॅम, लिहिलेला बारीक दिवा लागलेला, तो काही विझेना. जिथे जुळणी केली तिथे फोन केला तर उत्तर तयार होतं: "रॅम गई, नई जोड़ी डालनी पड़ेगी." मशीन बघितलंसुद्धा नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव कुठे पोचलेत हे ज्यांनी विकत घेतली त्यांना विचारा. एवढी रक्कम अंदाजावर घालवायची माझी तयारी नव्हती.

या दुकानात मालक स्वतः टेबलावर बसतात. सगळे त्यांना दादा म्हणतात, मीही तेच म्हणते. मराठी अस्सल इंदुरी, दर दोन वाक्यांनंतर हिंदी डोकावणार. कॅबिनेट टेबलावर ठेवल्यावर स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी त्यांनी विचारलं, "ताई, कोणता दिवा अडकतो? आणि बंद करण्याआधी किती वेळ थांबलात?"

हा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. सुरू होताना बोर्ड एकेक भाग तपासतो: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, मग बूट डिस्क. प्रत्येकाचा दिवा क्षणभर लागून विझतो आणि जिथे गाडी अडली तिथला लागलेलाच राहतो. असूस कंपनी याला क्यू-एलईडी म्हणते, एमएसआय कंपनी ईझी डीबग एलईडी. पण माझ्या प्रोसेसरला लागणाऱ्या एएम५ प्रकारच्या बोर्डावर डीडीआर५ रॅम पहिल्यांदा बसवली की बोर्ड तिच्याशी जुळवून घ्यायला कधी कधी काही मिनिटं घेतो. तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते आणि दिवाही रॅमचाच लागलेला असतो. लोक घाबरून बटण दाबतात आणि सगळी जुळवाजुळव पहिल्यापासून सुरू होते. दादांनी म्हणूनच मशीन चालू करून हात बाजूला घेतला आणि तोवर दुसऱ्या गिऱ्हाईकाचं काम केलं. बराच वेळ गेला, दिवा तसाच. मग म्हणाले, "आता खोलतो."

बोर्ड कॅबिनेटमधून काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. कारण विचारलं तर म्हणाले, बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तो छोटा खांब, चुकीच्या जागी लागला असेल तर मागून शॉर्ट होतं, ती शंका आधी मिटवायची. ग्राफिक्स कार्ड काढलं, कारण या प्रोसेसरमध्ये छोटं ग्राफिक्स आतच आहे, त्यामुळे मॉनिटरची केबल थेट बोर्डाला लागते. २४ पिनची मोठी केबल, प्रोसेसरची ८ पिनची केबल, कूलर आणि एकच रॅम, एवढंच ठेवलं. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून बोर्ड चालू केला.

रॅमच्या चार खाचांपैकी प्रोसेसरकडून मोजली तर दुसरी आणि चौथी वापरायची असते, बोर्डावर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं. पहिली रॅम ए२ मध्ये: स्क्रीन आली. दुसरी ए२ मध्ये: तीही आली. मग त्याच दोन्ही एकेक करून बी२ मध्ये: दोन्ही वेळा काळी स्क्रीन. दादांनी माझ्याकडे वळून विचारलं, "आता तुम्हीच सांगा, रॅम खराब आहे का?" दोन्ही चांगल्या होत्या हे मला कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. मला हे दुकान आवडलं ते इथे. त्यांनी निष्कर्ष सांगितला नाही, तो माझ्यासमोर मांडला.

उरला प्रश्न बी२ खाचेच्या बाजूचा. रॅम सांभाळणारा भाग हल्ली प्रोसेसरच्या आतच असतो, म्हणजे खाचेपासूनची वाट सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, पिनांमधून जाते. एएम५ सॉकेटमध्ये अशा १७१८ पिना आहेत, केसासारख्या बारीक, आणि त्या प्रोसेसरवर नसून बोर्डावर असतात. कूलर काढला, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट अल्कोहोलने पुसली, प्रोसेसर उचलला आणि सॉकेट मायक्रोस्कोपखाली घेतलं. चित्र बाजूच्या मॉनिटरवर येतं, गिऱ्हाईकालाही दिसतं. तिरपा उजेड टाकला की सगळ्या पिना एका ओळीत चमकतात. कडेजवळ एका पिनेची चमक ओळीत नव्हती. "बघा, सगळ्यांची मान इकडे, हिची तिकडे." प्रोसेसर बसवताना कधीतरी ती दबली असणार. अर्धवट टेकत होती तोवर मशीन चाललं, घरी नेताना हादरे बसले आणि संपर्क सुटला.

पुढचं बोलणं सरळ झालं. वाकलेली पिन हे माणसाच्या हातून झालेलं नुकसान, त्यावर वॉरंटी सहसा मिळत नाही. पिन सरळ करता येईल, पण धातू एकदा वाकलेला आहे, तुटला तर बोर्ड गेला. "तुम्ही हो म्हणाल तरच हात लावतो, घाई नाही." मी हो म्हटलं. बारीक सुईने, श्वास रोखून, त्यांनी ती ओळीत आणली. मायक्रोस्कोपच्या पडद्यावर मीही तेवढाच वेळ श्वास रोखून बघत होते.

दोन्ही रॅम लावल्या आणि थोडं थांबल्यावर ३२ जीबी दिसली. लगेच सीपीयू फॅनची चूक दाखवणारा संदेश आला, तो किरकोळ निघाला: कूलरच्या पंख्याची वायर सीपीयू_फॅनऐवजी कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी लावलेली होती. बदलली, संपलं.

मशीन त्याच दिवशी मिळालं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला, आधी रॅमच्या साध्या वेगावर, मग एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग चालू करून ६००० एमटी/सेकंदावर. एएमडी या प्रोसेसरला दोन रॅमवर ५२००पर्यंतच अधिकृत वेग देतं, त्यावरचा वेग म्हणजे ओव्हरक्लॉक, अधिकृत मर्यादेपलीकडे पळवणं, हे त्यांनीच सांगितलं. बहुतेक ठिकाणी विंडोज दिसलं की पैसे घेऊन मोकळे होतात.

तपासणीचे ४०० रुपये आधीच सांगितले होते, दुरुस्ती केली की ते त्यातच धरतात. एकूण १,५०० झाले. बिल हाताने लिहिलेलं, पण त्यावर बिघाड काय होता आणि काय केलं, दोन्ही नोंदलेलं. ते बिल मी जपून ठेवलंय.

आता उणी बाजू. दुकान चिंचोळं आहे, बसायला एक स्टूल. काम चालू असताना दादा फोन उचलत नाहीत, त्यामुळे विचारून जाण्यापेक्षा थेट जावं लागतं, आणि संध्याकाळी आरएनटी मार्गावर गाडी लावायला जागा शोधावी लागते. सकाळी दुकान उघडतानाच जावं हे बरं. पिनेच्या कामावर ते लेखी हमी देत नाहीत. कारण मला पटतं, तरी महिनाभराची तरी द्यावी, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि इथेही लिहिते. सगळ्यांचं मशीन एकाच माणसाच्या हातात जातं, म्हणून सणासुदीला रांग असणार.

जाताना मॉनिटर नेऊ नका, तिथे आहे. बोर्डाचं बिल, त्याचं खोकं आणि सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण न्या, कारण बोर्ड कंपनीकडे पाठवायची वेळ आली तर ते झाकण लावूनच पाठवावा लागतो. पॉवर सप्लाय मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या काढता येणारा, असेल तर त्याच्या स्वतःच्याच केबल न्या. दुसऱ्या कंपनीची केबल खाचेत अगदी नीट बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात चांगलं सामान जळतं.