धनेशासाठी चोर्ला की तांबडी सुर्ला?

पाठीवर सॅक, सोबत गाडी नाही, गाइड नाही, आणि गोव्यात महाधनेश (मोठ्या चोचीचा पक्षी, ग्रेट हॉर्नबिल) बघायचाय. प्रश्न बहुधा या दोन जागांवर येऊन अडतो. मी दोन्हीकडे तीन-चार हिवाळे घालवलेत.

चोर्ल्याला पोचणं सोपं. साखळीहून घाटातून बेळगावला जाणारी बस धरायची, कंडक्टरला सांगून माथ्यावर उतरायचं. उंची साधारण ८०० मीटर, त्यामुळे धनेश चक्क वरून दिसतो. मागच्या जानेवारीत एक नर माझ्या पायाखालच्या दरीतून गेला. पंखावरचा पांढरा पट्टा शेपटीजवळच्या ग्रंथीतलं तेल चोपडून चोपडून हळद लागल्यासारखा पिवळा झालेला. खालून हा रंग असा कधी दिसला नव्हता.

पण तो रस्ता! धनेश आधी कानाला सापडतो, मग डोळ्याला. पंखातल्या मोठ्या पिसांची मुळं खालून उघडी असतात, त्यांतून वारा घुसतो आणि लोहाराचा भाता चालावा तसा आवाज येतो. भाता ऐकू आला म्हणून वळावं, तर वळणावरून टेम्पो. एका सकाळी चारदा फसलो. पाचव्यांदा वळलोच नाही, तर जोडी डोक्यावरून निघून गेली. टपरीवरच्या काकांनी बोट दाखवलं तोवर नुसत्या शेपट्या उरल्या होत्या.

तांबडी सुर्ला दरीच्या तळाशी. बस मोजक्या, परतीची वेळ ड्रायव्हरलाच विचारून ठेवा. (नुसतं ‘सुर्ला’ म्हणू नका, त्या नावाचं दुसरं गाव वर घाटात आहे.) कदंबकालीन महादेवाच्या देवळामुळे रविवारी सहली येतात. झाडी दाट, मान दुखते, दिसतं ते पोटच. पण आडवारी सकाळी ओहोळाखेरीज आवाज नसतो; भाता वाजला की धनेशच. पिकलेला नांद्रुक किंवा उंबर हेरून गुपचूप बसावं.

दोन्हीकडे अभयारण्य आहे, तेव्हा तंबू नको, खोली बघा. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोलीपासून लांबच राहा. मादीने ढोलीचं तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेतलेलं असतं; माणूस दिसला की नर चारा घेऊन यायला बिचकतो.

फोटोच हवे असतील तर चोर्ला टाकाऊ नाही, कदाचित मीच चुकीच्या दिवशी गेलो असेन. येत्या जानेवारीत मात्र मी देवळाकडची बस विचारून ठेवली आहे.