एमएसवर ‘स्टेम सेल’: आमचे 2 लाख 80 हजार कसे गेले

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या माणसाला गंडवायचं तर वेळ तेवढी साधावी लागते. आम्हाला एका ‘स्टेम सेल’ क्लिनिकवाल्यांनी गाठलं ते मे महिन्याच्या अखेरीस. डिचोलीत नुसता उकाडा, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पायांचं लाकूड झालेलं. उष्म्यानं एमएसची लक्षणं तात्पुरती वाढतात, अंग थंड झालं की ओसरतात. श्रमानंतर रुग्णांची नजर अशीच तात्पुरती मंदावते, हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1890 मध्येच नोंदवून ठेवलंय. क्लिनिकच्या मंडळींनाही ते चांगलंच ठाऊक असणार.

मडगावला एका हॉटेलात ‘मार्गदर्शन शिबिर’ होतं. चहा, बटाटवडे आणि पडद्यावर व्हीलचेअरमधून उठून चालू लागणारी बाई. मग एकेका कुटुंबाला बाजूला घेऊन बोलणं. “बाय, भियेनाका,” म्हणत तिथल्या मुलीनं माझा हात हातात घेतला आणि एक कात्रण पुढे केलं: 2019 मधला अभ्यास, 110 रुग्ण, मूळपेशींच्या (स्टेम सेलच्या) उपचारानं एमएस आटोक्यात. कात्रण खरंच होतं, मेख तिथंच होती. त्या अभ्यासात रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवल्या, केमोथेरपीनं त्याची प्रतिकारशक्ती मोडली आणि मग त्या पेशी परत दिल्या. तेही इस्पितळात ठेवून, संसर्गाचा धोका पत्करून, एमएसचे झटके, म्हणजे आजाराची अचानक उसळी, वारंवार येणाऱ्या निवडक रुग्णांना. इथं विकायला होतं ते नाळेतल्या पेशींचं इंजेक्शन. सकाळी या, दुपारी घरी जा. नाव तेच, माल भलताच.

तीन इंजेक्शनांचं पॅकेज, आजच्या आज भरले तर सूट. पैसे गेले कुणा माणसाच्या खात्यावर, क्लिनिकच्या नाही. पावतीवर लिहिलेलं ‘वेलनेस सल्ला शुल्क’. संमतिपत्र इंग्रजीत, बारीक अक्षरांत. उपचार प्रायोगिक आहे, परिणामाची हमी नाही, असं त्यात स्वच्छ छापलेलं. नवऱ्यानं विचारलं, “मग मघाशी हमी दिलीत ती कसली?” उत्तर आलं, “दादा, कागदावर असं लिहावंच लागतं.” कुपीवर लेबल नव्हतं. बॅच नंबर मागितला तर म्हणे फ्रीझरमध्ये लेबल सुटून येतं! आणि माझी एमएसची रोजची गोळी बंद करायला लावली. केमिकलनं नव्या पेशी मरतात म्हणे.

पहिलं इंजेक्शन झालं आणि पाऊस लागला. हवा गार झाली, पाय हलके झाले. सासूबाईंनी शांतादुर्गेची ओटी भरली. क्लिनिकवाल्यांनी तेवढ्यात माझा चालतानाचा व्हिडिओ मागवून घेतला. एमएसचा झटकासुद्धा बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआप उतरतो. मधल्या काळात जे घेतलं असेल त्याला श्रेय मिळतं. या धंद्याचं भांडवल तेच.

चतुर्थीला गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधताना उजवा डोळा फिरवला की दुखत होतं. डावा डोळा झाकून पाहिलं तर कवंडळाचं लालभडक फळ मातकट दिसलं. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं. ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या मज्जातंतूला सूज. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रोज 1 ग्रॅम. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त गोळी कधीपासून बंद आहे ते विचारून लिहून घेतलं. झटका अडवायला अंगात दुसरं काही नव्हतंच. दृष्टी बरीच परतली, रंग अजून पुरते नाहीत.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे काही आजार वगैरे सोडले तर मूळपेशी फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुठलीही चाचणी फुकट शोधता येते. ‘आमची चाचणी चालू आहे’ असं कुणी म्हणालं तर नंबर मागा. पैसेही मागत असेल तर नंबरची गरज नाही. मज्जासंस्थेच्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे शिबिराचं पत्रक फेकू नका, तो पुरावा आहे.

ग्राहक आयोगात तक्रारीला 2 वर्षांची मुदत असते. बँकेचा उतारा आणि ती पावती जोडून आमची दाखल झालीय. उरलेली दोन इंजेक्शनं घेतली नाहीत, पैसे मात्र परत नाहीत. शिबिरं चालूच आहेत, आता दुसऱ्या नावानं. तिथं निळ्या पंजाबी ड्रेसमधली, आधार न घेता तुळशीभोवती फिरणारी बाई पडद्यावर दिसली तर ती मी. व्हिडिओ जूनमधला आहे, चतुर्थीच्या आधीचा.