रूट प्लॅनिंग सॉफ्टवेअर, आठ महिने वापरल्यावर (साडेतीन स्टार)

नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या या प्रकारातल्या कुठल्याही ॲपला लागू पडतील. आमच्या माल पोचवणाऱ्या सहा गाड्या, रोजचे सव्वाशे-दीडशे थांबे, आणि आधी सगळं डिस्पॅच, म्हणजे कुठली गाडी कुठे जाणार, माझ्या डोक्यात. सकाळी बिलांचे गठ्ठे टेबलावर घेऊन एरियाप्रमाणे पत्ते वाटल्यासारखे वाटायचे, त्यात पाऊण तास जायचा आणि मी सुट्टीवर असलो की नुसता गोंधळ. आता एक्सेल अपलोड केली की तीन मिनिटांत सहा रूट तयार, हे मात्र मान्यच करायला पाहिजे.

गणितात हे सॉफ्टवेअर आपल्याला ऐकत नाही. एका गाडीला नुसते १० थांबे असले तरी क्रम लावायचे ३६ लाखांच्या वर प्रकार होतात, १५ थांब्यांना तेच १.३ लाख कोटींवर जातात, त्यामुळे सगळे तपासून बघणं कॉम्प्युटरलाही जमत नाही आणि तोही शॉर्टकटच मारतो. यातला एक शॉर्टकट क्लार्क आणि राइट या दोन संशोधकांनी १९६४ साली मांडला आणि तो इतका सोपा आहे की मी ड्रायव्हर लोकांना कागदावर काढून दाखवला. समजा गोडाऊनपासून एक गिऱ्हाईक १० किमी, दुसरं १२ किमी, आणि दोघांत अंतर ३ किमी. वेगवेगळं जाऊन आलात तर ४४ किमी, एकाच फेरीत केलं तर २५, म्हणजे १९ वाचले. अशी सगळ्या जोड्यांची बचत काढायची आणि मोठ्या बचतीपासून जोडत जायचं, गाडी भरेपर्यंत. आमचं ॲप नक्की काय वापरतं ते कंपनी सांगत नाही, पण किलोमीटर खरंच कमी झाले, डिझेलच्या बिलात दिसतंय.

आता पहिला आठवडा. कागदावर सगळे ड्रायव्हर साडेपाचला परत, प्रत्यक्षात एक आठ वाजता आला आणि चावी टेबलावर आपटून म्हणाला, "साहेब, या मशीनने कधी माल उतरवलाय का?" बरोबर बोलला तो. सेटिंगमधे बघतो तर प्रत्येक थांब्यावरचा वेळ २ मिनिटं, कंपनीनेच आधीपासून भरून ठेवलेला. अहो गेटवर एंट्री करायलाच दोन मिनिटं लागतात, मग लिफ्ट, मग बॉक्स मोजणार, मग सहीवाला माणूस जागेवर नाही. थांब्यामागे पाच मिनिटं चुकली तरी २४ थांब्यांवर सरळ दोन तास, आणि ज्यांनी "दोनच्या आत द्या" सांगितलंय त्यांचा माल तीनला पोचतो आणि परत येतो, म्हणजे उद्या परत तीच फेरी. मग दोन आठवडे ड्रायव्हरना पोचल्यावर आणि निघताना एकेक बटण दाबायला लावलं. आकडे बघून मीच उडालो, छोट्या दुकानाला ४ मिनिटं, ऑफिस बिल्डिंगला ९ आणि मोठ्या गोडाऊनला चक्क २२. हे भरल्यानंतर कुठे प्लॅन आणि घड्याळ जुळायला लागलं. डेमो देणाऱ्या माणसाने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं, एक स्टार त्याचाच कापलाय.

दुसरी भानगड, वाटणी. एकूण किलोमीटर कमी करा सांगितलं तर ते तेच करतं, त्यात एका गाडीला ३४ थांबे आणि दुसऱ्याला ११ आले तरी त्याला काही पडलेलं नाही. पण मला रोज त्याच माणसांबरोबर चहा प्यायचाय. ड्रायव्हरमागे कामाचे जास्तीत जास्त तास ठरवून द्यायचं सेटिंग आहे, पण ते तीन मेनू आत लपवलंय. ते लावल्यावर किलोमीटर थोडे वाढले, भांडणं बंद झाली.

पण सगळ्यात डोक्यात गेलेलं फीचर म्हणजे लाइव्ह री-रूटिंग, ज्याची जाहिरात सगळ्यात जास्त. अकरा वाजता ट्रॅफिक बघून त्याने एका गाडीचा क्रम फिरवला, सतरावा थांबा पाचवा केला. आता माल भरताना शेवटी द्यायचा तो आधी आत जातो ना, त्यामुळे सतराव्याचे बॉक्स पार केबिनला चिकटून. पोराने भर रस्त्यात चाळीस बॉक्स खाली काढले, एक डिलिव्हरी केली, परत चाळीस चढवले. वाचवलेली वीस मिनिटं तिथेच गेली, वर पाठ धरली. ऑप्शन त्याच दिवशी बंद केला. कुरिअरच्या छोट्या पाकिटांना चालत असेल, आमच्या मालाला नाही.

पिनांचं थोडक्यात सांगतो, पत्त्यावरून ॲप नकाशावर जो पिन टाकतं तो कधीकधी बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत पडतो, जिथून आत जायला वाटच नाही. ड्रायव्हरने गेटसमोर उभं राहून पिन सरकवला की तो कायमचा सेव्ह होतो, ही सोय मस्त आहे. थांबा रस्त्याच्या आपल्याच बाजूला यावा असंही सांगता येतं, म्हणजे वर्दळ कापून वळणं कमी होतात. यूपीएस ही कुरिअर कंपनी अमेरिकेत डावी वळणं टाळते ती यासाठीच, तिथे वाहतूक उजवीकडून चालते.

दोन गाड्या आणि ठरलेली गिऱ्हाइकं असतील तर पैसे घालवू नका, जुना ड्रायव्हर पुरेसा आहे. घरात प्रोग्रामिंग येणारं कुणी असेल तर रूट काढून देणारं गूगलचं ओआर-टूल्स किंवा व्हरूम फुकट आहे, मात्र स्क्रीन वगैरे सगळं स्वतःच बांधावं लागतं. आणि ट्रायल घेणार असाल तर त्यांचा डेमो डेटा बघून खूश होऊ नका, तुमचा मागच्या महिन्यातला सगळ्यात बेक्कार दिवस अपलोड करा आणि निघालेला रूट सगळ्यात कटकट्या ड्रायव्हरच्या हातात द्या. आमच्यावाल्याने पहिल्याच पानावर सात चुका काढल्या होत्या, त्यातल्या पाच खऱ्या निघाल्या.